नसलेल्या पित्ताच्या पिशवीवर उपचार: माझे २७,५९९ रुपये गेले

राहायला ठाण्यात, वर्तकनगरला. जानेवारीत दुर्बिणीतून माझी पित्ताची पिशवी काढली, खडे होते. टाके भरले, पण पोट ठिकाणावर येईना. जेवलं की अर्ध्या तासात जुलाब. सकाळी चहासुद्धा न घेता लोकल पकडायची, तरी दोनदा घाटकोपरला उतरून धावावं लागलं. सर्जन "होईल हळूहळू" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मार्चमध्ये सोसायटीच्या हॉलमध्ये पचन तपासणीचं शिबिर लागलं. फी २९९. हातात धातूचा दांडा धरायचा, दीड मिनिटात कॉम्प्युटरवर रिपोर्ट. हे मशीनवाले तुम्हीही पाहिले असतील. तिसऱ्या पानावर छापलं होतं: "पित्ताशय कार्य – मध्यम बिघाड".

दोन महिन्यांपूर्वी काढलेली, बरणीत घालून ह्यांना दाखवलेली पिशवी! तिच्यात बिघाड कुठून येणार? ती ओळ मी बोट ठेवून वाचली. विचारलंसुद्धा. पांढरा कोट घातलेला तो मुलगा क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "मॅडम, पिशवी काढली तरी तिची एनर्जी शरीरात राहते." आणि मी मान डोलावली. तिथेच उठायला हवं होतं. मी अडाणी नाही, एकवीस वर्षं ऑफिसचे हिशेब बघते. पण दोन महिने संडासाच्या दाराशी काढल्यावर कुणी चाळीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं, की माणूस विरघळतो.

पहिला कोर्स १४,५००. जुलाब दुप्पट झाले, तर "विष बाहेर पडतंय, मध्येच सोडू नका" म्हणत दुसरा कोर्स गळ्यात मारला, १२,८००. पुडीवर ना घटक, ना लायसन्स नंबर. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर सोनामुखी!" म्हणजे जुलाब होणाऱ्या बाईला जुलाबाचंच औषध. पावती मागितली त्या दिवसापासून फोन बंद.

पोलीस म्हणाले, "ताई, पैसे तुम्हीच दिलेत, मालही मिळाला, मग फसवणूक कसली?" औषधांच्या सरकारी ऑफिसात सीलबंद पाकीट आणि बिल मागितलं. बिल असतं तर मी इथे आले असते का? १९५४ च्या जादुई उपचारांच्या कायद्यात पित्ताच्या खड्यांवरच्या औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे. शिबिरवाल्यांचं पत्रकच टेबलावर ठेवलं, "खडे विरघळवतो" असं छापलेलं. साहेब लंचला गेले होते. पुढच्या खेपेला ट्रेनिंगला. तिसऱ्या खेपेला माझा अर्जच सापडेना. तीन हाफ डे गेले! अर्ज द्याल तर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर हॉलचं भाडं घेतलंय म्हणून तोंडच उघडलं नाही.

शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत उलगडून सांगितलं. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी ते फक्त साठवायची. आता ते सतत आतड्यात ठिबकतं, आणि काहींच्या मोठ्या आतड्यात जास्त उतरलं की जुलाब होतात. त्यांनी कोलेस्टायरामिन दिलं, आतड्यातलं जादा पित्त बांधून ठेवणारं औषध. ते इतर औषधंही बांधून ठेवतं, म्हणून माझी थायरॉईडची गोळी चार तास लांब ठेवायची. थोडं थोडं खायचं, तळण आणि साय बंद. आता मऊ भात, मुगाचं वरण, चमचाभरच तूप. महिन्याभरात मी घाटकोपरला न उतरता ऑफिसला पोचले.

ताप, कावीळ, पोटात जोराची कळ असेल तर कुठल्याही पुडीची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, मी सात आठवडे घालवले.

काल कळलं, येत्या रविवारी घोडबंदर रोडच्या एका कॉम्प्लेक्समध्ये तसंच शिबिर आहे, तोच दांडा, तीच २९९ फी. तिकडे तुमचं कुणी राहत असेल तर आजच कळवा.