आठ महिने वापरल्यावर: प्रोफाइल व्ह्यूज, डावीकडे सरकलेला अंगठा आणि माझी नणंद

सकाळी फोन हातात घेतला तर नणंदेचा मेसेज. "वहिनी, काल येऊन गेलात वाटतं. आलाच होतात तर फॉलो तरी करायचं." पुढे डोळा मारणारा इमोजी. वर्षभर आमचं बोलणं कामापुरतं आहे, कारण सांगत बसत नाही. ती रोज व्हिडिओ टाकते आणि मी ते बघत नाही, असा घरात सगळ्यांचा समज होता. तो त्या सकाळी संपला.

ॲपचं नाव लिहीत नाही, वापरणाऱ्यांना पुढचं वाचून कळेलच. फिल्टर, एडिटिंग, गाणी यांवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मला डोक्याला ताप झाला तो फक्त प्रोफाइल व्ह्यूजचा, तेव्हा त्याचंच लिहिते.

ज्यांनी ते कधी उघडलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चालू केलं की गेल्या ३० दिवसांत तुमच्या प्रोफाइलवर कोण आलं त्यांची नावं दिसतात, पण ज्यांनी स्वतःही ते चालू ठेवलंय त्यांचीच. तुम्हीही त्यांना तसेच दिसता. एकाने बंद केलं की दोघंही आंधळे. वय किमान १६ हवं आणि फॉलोअर ५,००० च्या आत. व्हिडिओखालचा व्ह्यूजचा आकडा वेगळा, त्यात नावं नसतात. पोस्ट व्ह्यूजचं बटण आणखी वेगळं. एक बंद केलं म्हणजे दुसरं बंद होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवातीला मी या सोयीवर खूश होते, खोटं कशाला बोलू. शाळेतली मैत्रीण, जुनी घरमालकीण, माझ्या नवऱ्याचे साहेब (हे का आले असतील देव जाणे), रोज कोणीतरी डोकावून गेलेलं असायचं. ऑर्कुटवर 'रिसेंट व्हिजिटर्स' असायचे ते दिवस आठवले. ऑर्कुट २०१४ ला बंद झालं, माझी खोड काही गेली नव्हती. इन्स्टाग्रामवर स्टोरी कोणी बघितली ते कळतं, प्रोफाइल कोणी बघितली ते कळत नाही. म्हणून मला हे ॲप जास्त प्रामाणिक वाटायचं. तेव्हाच विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

आता त्या रात्रीचं सांगते. फीडमध्ये नणंदेचा व्हिडिओ आला. मी तिला शोधलं नव्हतं. पुढे जायला म्हणून अंगठा वर सरकवला, पण आडवी पडले होते, फोन तिरका होता, अंगठा डावीकडे गेला. डावीकडे गेला की थेट तिची प्रोफाइल उघडते! मी दचकून मागे आले. दोन सेकंदही झाले नसतील. तेवढ्यात नोंद होऊन मोकळी.

मला आधी खरंच वाटेना. सतरा वर्षांच्या लेकाचा फोन घेतला, दोन्हीकडे व्ह्यूज चालू केले आणि त्याच्या फोनवर माझ्या व्हिडिओवरून डावीकडे स्वाइप करून लगेच मागे आले. माझ्या यादीत तो हजर. मुद्दाम फोटोवर टॅप करून जाणारा आणि अंगठा घसरून पडणारा, दोघांची किंमत सारखीच. "खरंच बघायचंय का?" असं एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? एवढ्या एका गोष्टीसाठी मी दोन स्टार कापलेत. कोणाला जास्त वाटत असतील तर त्याला नणंद नसेल.

(आधी तीन-चार वेळा मी मुद्दामही गेले होते. ते या परीक्षणात धरू नये.)

मग मी पेटून सगळी सेटिंग्ज खोदली. तिचा व्हिडिओ माझ्याकडे आलाच कसा? प्रायव्हसीमध्ये तुमचं अकाउंट कोणाकोणाला सुचवायचं याची यादी आहे: फोनमधले कॉन्टॅक्ट, सामायिक ओळखीचे आणि तुमच्याशी लिंकची देवाणघेवाण करणारे. माझं सगळं चालू होतं. पहिल्या दिवशी घाईत "परवानगी द्या" दाबत सुटले होते, त्याची ही फळं. त्यातलं लिंकचं प्रकरण सगळ्यात चोरटं. व्हिडिओची लिंक पाठवली की ती कोणी पाठवली याची खूण तिच्यासोबत जाते. छोट्या लिंकमध्ये तर ती दिसतही नाही. म्हणून आता आधी ब्राउझरमध्ये उघडते, पत्ता लांबलचक होतो, मग प्रश्नचिन्हापासून पुढची शेपटी कापते आणि उरलेलं पाठवते. कटकट आहे, पण सवय झाली.

अकाउंट प्रायव्हेट करूनही पाहिलं. व्हिडिओ झाकले जातात. फोटो, नाव आणि बायो उघडेच राहतात. आणि आपण दुसऱ्याकडे गेलो त्याच्याशी याचा काही संबंध नाही, त्यामुळे माझ्या दुखण्यावर हे औषधच नव्हतं.

मधल्या काळात एक मूर्खपणाही केला. व्ह्यूज बंद केल्यावर चैन पडेना, म्हणून 'तुमची प्रोफाइल गुपचूप कोण बघतं' असं सांगणारं एक बाहेरचं ॲप घेतलं. सात दिवस फुकट होतं. फुकट म्हटलं की माझा हात आपोआप पुढे जातो. त्याने वीस नावं दाखवली. त्यात सहाव्या नंबरवर माझंच जुनं अकाउंट होतं, ज्याचा पासवर्ड मीच विसरलेय! ते म्हणे काल रात्री दोनदा येऊन गेलं. म्हणजे फॉलोअरच्या यादीतली नावं पिसून माझ्यापुढे टाकली होती. ही माहिती मूळ ॲप बाहेर कोणाला देतच नाही, तर यांच्याकडे कुठून येणार? आठव्या दिवशी पैसे कापले गेले, कारण ॲप काढून टाकलं तरी सबस्क्रिप्शन चालूच राहतं. वर लॉगिनही त्यांच्याच पानावर केलं होतं, म्हणजे पासवर्ड बदलणं आलं. तुम्ही असलं काही घेऊ नका, फुकट असलं तरी.

आता माझं मत परत थोडं बदललंय. व्ह्यूज महिनाभर बंद ठेवले आणि करमेना, म्हणून पुन्हा चालू केलेत. तीन स्टार. नणंदेचं नाव माझ्या यादीत अजून एकदाही आलेलं नाही. तिचं तर चालूच आहे, नाहीतर तिला मी दिसलेच नसते. म्हणजे ती खरोखरच माझ्याकडे फिरकत नाही, आणि हे मला अपेक्षेपेक्षा जास्त लागलं.

तिचे फॉलोअर मात्र वाढताहेत. ५,००० झाले की तिची ही सोय जाणार, मग मी कितीही वेळा घसरले तरी तिला कळणार नाही. म्हणून गेले दोन आठवडे तिचे व्हिडिओ, शेपटी कापून, ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवतेय. काल रात्री आकडा ४,९९९ वर अडकला होता. तासाभरात चार वेळा बघितला, हलेना. शेवटी मीच फॉलो केलं.