स्टोरीवीव्हरच्या लेव्हल बघून मराठी पुस्तक निवडावं का?

दुसरी-तिसरीतल्या पोरांसाठी मराठी पुस्तकं शोधत असाल तर मुलांची पुस्तकं काढणाऱ्या 'प्रथम बुक्स' या संस्थेची स्टोरीवीव्हर ही साईट आधी बघाच, 2015 पासून चालू आहे, सगळं फुकट आणि भाषा मराठी निवडून लेव्हल लावली की गोष्टींचा ढीग समोर येतो. लेव्हल चार आहेत. पहिल्या लेव्हलच्या गोष्टीत 250 पेक्षा कमी शब्द, दुसरीत 600 पर्यंत, तिसरीत 1500 पर्यंत आणि चौथीत त्याच्याही पुढे. पुस्तकाच्या मागे "वय 6 ते 10" छापलेलं असतं त्यापेक्षा हे कितीतरी बरं, सहा वर्षाचं आणि दहा वर्षाचं पोर एकच पुस्तक कसं वाचेल सांगा!

पण नुसती लेव्हल बघून पुस्तक हातात देऊ नका. "घरासमोरच्या" हा मराठीत एकच शब्द, इंग्रजीत त्याला चार-पाच लागतात, म्हणजे मोजायला गेलं तर आपले शब्द कमी भरतात पण पोराला तो एकेक शब्द फोडत फोडत वाचावा लागतो. त्यात जोडाक्षरं! काना-मात्रा सरसर वाचणारं पोर "शेजाऱ्यांच्या कुत्र्याने" पाशी येऊन अडतं, आणि "सूर्य" मधला रफार दिसतो य च्या डोक्यावर पण म्हणायचा य च्या आधी, हे बसायला वेळ लागतोच. शब्दांच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून मी मधलंच एखादं पान उघडून मोठ्याने वाचायला लावते, अडलं की एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर ती गोष्ट आपण वाचून दाखवायची, एक-दोन मिटली तर खुशाल एकट्याने वाचू दे. नंतर पान झाकून विचारायचं, काय झालं गं गोष्टीत? काही पोरं खडाखडा वाचतात आणि हे विचारलं की गप्प, मग एक लेव्हल खाली या, त्यात कमीपणा काही नाही.

प्रकरणांच्या पुस्तकाकडे वळायचं असेल तर माझ्या मते लेव्हल तीन सगळ्यात कामाची. हजारभर शब्दांची गोष्ट एका बैठकीत संपवू नका, ऐन रंगात आली की थांबा आणि दुसऱ्या दिवशी काल कुठवर आलो होतो ते पोरालाच सांगू दे, मोठ्या पुस्तकाला हीच सवय लागते. आणि जमलं तर प्रिंट काढा, मोबाईलवर पोरं चित्रं बघत पुढे पुढे सरकवत सुटतात, कागदावर निदान ओळीखाली बोट ठेवून वाचता येतं.