हाडांसाठी म्हणून घेतलेल्या जवस-तेलाच्या कॅप्सूल: सहा महिन्यांनंतर

माझं वय 57, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी जाऊबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना वॉकर धरून एकेक पाऊल टाकताना बघून मी धसका घेतला आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून आले. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे 1.9 निघाला. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) म्हणतात, मी अलीकडच्या काठावर. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाड झिजण्याचा वेग भरून येण्यापेक्षा वाढतो, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोजचं चालणं लिहून दिलं. कॅप्सूलचं नावही काढलं नव्हतं.

ती सुचवली औषधाच्या दुकानात. 60 कॅप्सूलची बाटली 480 रुपये, रोज दोन घ्यायच्या. पुढच्या बाजूला ठळक ‘ओमेगा 3’ (जवसात, मासळीत असणारा स्निग्ध घटक) आणि गुडघ्याचं चित्र. मी विश्वासाने घेत राहिले.

मग दिवाळीला भाची आली. ती इथेच बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात आहारशास्त्र शिकते. बाटली फिरवून म्हणाली, “मावशी, मागचं वाचलंस का?” भिंगाखाली धरलं. एका कॅप्सूलमध्ये जवसाचं तेल 500 मिलिग्रॅम, त्यातलं ओमेगा 3 सुमारे निम्मं. म्हणजे दोन कॅप्सूलचं मिळून 500 मिलिग्रॅम. कुटलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात त्याच्या तिप्पट असतं! शिवाय जवसातलं ओमेगा 3 मासळीतल्यासारखं नसतं, शरीर त्याचा थोडासाच भाग त्या रूपात बदलतं. आणि हिरवा ठिपका कुठेच नव्हता. कवच जिलेटिनचं, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. आमच्या घरी अंडंही येत नाही. आख्खा चातुर्मास मी हे गिळत होते, याचं मला फार वाईट वाटलं. विकताना एका शब्दाने सांगायला हवं होतं.

हाडांना फायदा होतो का, हेही तिने शोधून दिलं. 1998 सालच्या एका अभ्यासात ऐंशीच्या आसपासच्या 65 बायकांना दीड वर्ष कॅल्शियमबरोबर इव्हनिंग प्रिमरोझ (एका फुलझाडाच्या बियांचं तेल) आणि मासळीचं तेल दिलं, तेव्हा मणक्याची घनता टिकली. पण 2000 साली ब्रिटनमधल्या चाचणीत पाळी गेलेल्या आणि न गेलेल्या, दोन्ही गटांत वर्षभर हीच तेलं कॅल्शियमबरोबर देऊनही नुसत्या कॅल्शियमपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. दोन्हीकडे जवस नव्हतंच. एवढ्या आधारावर बाटलीवर गुडघ्याचं चित्र छापणं मला पटत नाही.

शेवटची बाटली मी खिडकीत ठेवली होती. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या आणि झाकण उघडलं की जुन्या तेलासारखा खवट वास यायचा. ती टाकली.

आता खंडेराव मार्केटमधून जवस आणते. मंद आचेवर भाजते, दाणे तडतडून फुटायला लागले की उतरवते. न सोललेले तीळ वेगळे भाजते, तिळाच्या चमच्याला 80-90 मिलिग्रॅम कॅल्शियम पडतं. सुकी मिरची, लसूण, मीठ घालून खलबत्त्यात कुटते. आख्खे दाणे तसेच पोटातून निघून जातात म्हणून कुटणं महत्त्वाचं. ताज्या भाकरीवर दही आणि ही चटणी, चव तर अप्रतिम. पण पाळी गेलेल्या आम्हा बायकांना दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, तेव्हा डॉक्टरांची गोळी सोडलेली नाही. सकाळी कमाटी बागेत पाऊण तास चालते.

कॅप्सूलला पाचपैकी एक तारा, तोही मागचं लेबल खरं असल्याबद्दल. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर कोणतंही ओमेगा 3 डॉक्टरांना विचारूनच घ्या. पुढची डेक्सा जूनमध्ये आहे, जाऊबाईंनाही घेऊन जाणार आहे.