नटाचं डावं, प्रेक्षकाचं डावं: एफएफएमपेग सात महिने वापरल्यावर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या ग्रुपवर एकच प्रश्न: "त्या टेपा कुठं हायत?" टेपा माझ्या कपाटात होत्या. अकरा मिनीडीव्ही, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटी. १९१५ सालच्या त्या वास्तूत केलेले आमचे स्पर्धेचे प्रयोग आता तेवढ्यातच उरले होते. मंडळींतले निम्मे साठी ओलांडलेले, त्यांच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर अजून जागेवर. म्हणून पेनड्राइव्ह नको, डीव्हीडीच द्यायची ठरलं.

कॅमेरा चालू होता, पण लॅपटॉपला फायरवायर, म्हणजे अशा कॅमेऱ्याची थेट जोडणी, नाही आणि कॅमेऱ्याची मूळ लीड (वायर) हरवलेली. टेपेवरचं चित्र-आवाज लॅपटॉपमध्ये भरणारं यूएसबीचं कॅप्चर डोंगल आणि बाजारातली लीड आणली. इथंच माशी शिंकली. एका टोकाला कॅमेऱ्याची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला तीन: पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. दिसायला सगळ्या लीडा सारख्या, आतली जोडणी मात्र कंपनीगणिक वेगळी. माझं चित्र पिवळ्या पिनेत आलंच नाही, लालमध्ये सापडलं. लाल पिन पिवळ्या भोकात घातली, उरलेल्या दोन अंदाजानं खोचल्या. आवाज आला, मी खूश. अकराच्या अकरा टेपा अशाच भरल्या.

पहिली डीव्हीडी आमच्या दिग्दर्शक काकांना दिली. घरी येऊन तीच हेडफोनवर ऐकली, तर पडद्यावर उजव्या विंगेतून येणारा सरपंच माझ्या डाव्या कानात खाकरत होता. सरपंच म्हणजे खुद्द काका. फोन केला तर म्हणाले, "आरं, माझी एंट्री डावीकडनंच हुती. आवाज बी डावीकडनंच येतोय. मग चुकलं कुठं?" अर्धा तास वाद घातल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ते नटाचं डावं सांगत होते. कॅमेरा मात्र प्रेक्षकांत बसलेला, त्याचं डावं म्हणजे नटाचं उजवं. चूक माझीच होती: अंदाजानं खोचलेल्या पिनांनी डावा-उजवा आवाज उलटा भरला होता. तुमच्याकडं नाटकाचं रेकॉर्डिंग असेल तर आठवणीवर जाऊ नका. पडद्यावर माणूस कुठून येतो ते बघा, कानात हेडफोन घाला, आणि हेडफोनवरची डाव्या-उजव्याची खूणसुद्धा तपासा.

पुन्हा कॅप्चर करणं सोपं वाटतं, पण टेप जेवढ्या तासांची तेवढेच तास जातात. शिवाय माझ्या दोन टेपा दुसऱ्यांदा चालतील याची खात्री नव्हती. म्हणून फाइलमध्येच दुरुस्ती.

सुरुवात ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रामनं केली. ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूत 'स्वॅप स्टिरिओ चॅनल्स' आहे, एक क्लिक की काम झालं. नवख्या माणसाला मी अजून हेच सांगेन. पण आवाज बाहेर काढा, उलटा, परत चित्राला जोडा, असं अकरा वेळा कोण करणार? मग चित्र-आवाजाच्या फाइली थेट बदलणाऱ्या एफएफएमपेग या प्रोग्रामकडं वळलो. खिडकी नाही, बटण नाही, काळ्या पडद्यावर टाइप करायचं. पहिला आठवडा शिव्या घातल्या. आता त्याच्याशिवाय पान हलत नाही.

काम करतो तो 'पॅन' नावाचा फिल्टर. त्याला सांगायचं की बाहेरचं शून्य आतल्या एकमधून घे आणि बाहेरचं एक आतल्या शून्यातून. चॅनलची गणती शून्यापासून, शून्य म्हणजे डावं, एक म्हणजे उजवं. मध्ये उभी रेघ येते, म्हणून अख्खा फिल्टर दुहेरी अवतरणात घालायचा, नाहीतर विंडोज त्या रेघेचा भलताच अर्थ लावतं. चित्राला 'कॉपी' म्हणायचं, म्हणजे ते जसंच्या तसं राहतं. आवाजालाही कॉपी म्हटलंत तर फिल्टर चालणारच नाही. माझ्या कॅप्चर फाइलमधला आवाज न दाबलेला पीसीएम होता, तो पीसीएमच ठेव असं स्पष्ट लिहिलं. त्यामुळं अदलाबदलीत काही गमावलं नाही. डिस्कवरच्या आधीच दाबलेल्या डॉल्बी आवाजावर हेच केलं असतं तर तो दुसऱ्यांदा दाबला गेला असता. तेव्हा डिस्क बनवण्याआधीच उलटा.

दोनदा आपटलोही. एकदा अख्ख्या फोल्डरवर तीच आज्ञा पुन्हा चालवली आणि सुलट झालेली तीन नाटकं परत उलटी झाली. तेव्हापासून दुरुस्त फाइलच्या नावात 'सुलट' लिहितो. दुसऱ्यांदा मित्राच्या हँडीकॅमच्या पाच पॉइंट एक, म्हणजे सहा चॅनलच्या, फाइलवर हाच फिल्टर लावला. त्यानं समोरचे दोनच चॅनल घेतले, मधला टाकून दिला, आणि संवाद विहिरीतून आल्यासारखे झाले. तिथं सहाही चॅनलचा क्रम लिहून द्यावा लागतो.

डिस्क बनवायला डीव्हीडीस्टायलर हा प्रोग्राम. मेनू साधा, फुकट, कोऱ्या डिस्केपुरता खर्च. एफएफएमपेगच्या तयार पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडी सेटिंगमध्ये सेकंदाला चित्र ६००० आणि आवाज ४४८ किलोबिटचा, त्या हिशोबानं ४.७ जीबीत दीड तासाच्या थोडंच वर बसतं. आमचं नाटक सव्वादोन तासांचं. चित्र ४२०० वर आणि आवाज १९२ वर आणला, एका डिस्केत बसलं. नाटकात मारामारी नाही, फार हालचाल नाही, फरक डोळ्याला जाणवला नाही.

सात महिन्यांत नऊ टेपांच्या डीव्हीडी झाल्या. त्या दोन नाजूक टेपांचा आवाज सुलट केलाय, पण चित्रात मधूनमधून चौकोन दिसतात, त्यावर अजून खटपट चालू आहे.

काकांना दुरुस्त डीव्हीडी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी फोन: "आता उलटा झालाय बघ आवाज. पयली होती ती दे."