एक रॅप गाणे, चार मते आणि एक हेडफोन

आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरात गेला महिनाभर एकाच गाण्यावरून वाद चालू आहे. आमच्यापासून तिसऱ्या इमारतीत राहणाऱ्या एका तरुण मुलाने स्वतः लिहिलेले, स्वतः म्हटलेले आणि बहुतांशी घरातच ध्वनिमुद्रित केलेले तीन मिनिटांचे रॅप गाणे प्रसिद्ध केले. पुनर्विकासासाठी रिकामी केलेली इमारत, संक्रमण शिबिरातली खोली आणि नव्या घराची चावी कधी मिळणार हा घरात रोज विचारला जाणारा प्रश्न, असा त्याचा विषय आहे. त्या मुलाचे नाव मी येथे देत नाही, कारण हा अभिप्राय मुळात ऑडिओ-टेक्निका कंपनीच्या एटीएच-एम५०एक्स या हेडफोनविषयी आहे. मात्र हे गाणे आणि त्यावरचा वाद नसता, तर या हेडफोनचा खरा उपयोग मला कळला नसता, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्या लागतील.

वाद असा होता. माझ्या पुतण्याच्या मते गाण्याची बीट अप्रतिम आहे, शब्द मात्र नीट लागत नाहीत आणि नसले लागत तरी बिघडत नाही. आमचे शेजारी अण्णा भजनी मंडळात ढोलकी वाजवतात. त्यांचे बालपण लालबागला गेले आणि शाहीर अमर शेखांचा बुलंद आवाज त्यांनी लहानपणी मैदानात ऐकलेला आहे. त्यांचे मत बरोबर उलटे होते : मुलगा लिहितो चांगले, पण गाण्याला ताल म्हणून नाहीच, नुसता वर टकटकाट चालला आहे. पुतण्याची मैत्रीण स्वतः मराठीत वर्स, म्हणजे रॅपची कडवी, लिहिते. ती म्हणाली की पहिला वर्स जमला आहे, दुसऱ्यात हवा निघून गेली आहे, कारण प्रत्येक ओळीनंतर उगाच रिकामी जागा सोडलेली आहे. शिवाय हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे ध्रुवपद, हिंदीत का केला, हा तिचा आक्षेप वेगळाच. चौथे मत माझे होते. मला गाणे एकंदरीत बोथट वाटले, आणि ते मी त्या मुलाला जिन्यात भेटल्यावर सांगितलेही. त्याचा चेहरा पडला, आणि तेव्हापासून मला चैन पडेना.

चौघेही प्रामाणिकपणे बोलत होते आणि चौघांनाही गाणे कळते. मग एकाला जे गाण्याचे मर्म वाटते ते दुसऱ्याला ऐकूच कसे येत नाही, हा प्रश्न मनात घोळत असताना मी सर्वांना एक साधी गोष्ट विचारली : ऐकलेत कशावर? पुतण्याने बास वाढवून देणाऱ्या ब्लूटूथ इअरबड्सवर ऐकले होते. अण्णांनी मोबाइल टेबलावर ठेवून त्याच्याच स्पीकरवर ऐकले होते. त्या मुलीने मैत्रिणीच्या घरी, एकाच डब्यासारख्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर. आणि मी सकाळच्या लोकलमध्ये, विक्रोळी ते सीएसएमटी, दरवाज्याजवळ उभा राहून, एक कान मोकळा ठेवून.

योगायोग असा की त्याच सुमारास मी हा हेडफोन घेतला होता. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून, पाच आकडी रक्कम मोजून, घरच्यांची नाराजी पत्करून घेतला. ऑडिओ-टेक्निका ही १९६२ मध्ये टोकियोत सुरू झालेली जपानी कंपनी, आणि हे मॉडेल २०१४ मध्ये आले. ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत काम करणाऱ्यांसाठी ते बनवलेले आहे. कप पूर्ण बंद आहेत, त्यामुळे बाहेरचा आवाज कमी येतो आणि आतला फारसा बाहेर जात नाही. आत ४५ मिलिमीटरचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे पडदे, आहेत, वजन केबल सोडून २८५ ग्रॅम, आणि रोध ३८ ओम, म्हणजे वेगळा अ‍ॅम्प्लिफायर न जोडता साध्या लॅपटॉपवरही तो पुरेसा मोठा वाजतो. खोक्यात तीन केबल मिळतात : एक गुंडाळीची, एक तीन मीटरची सरळ आणि एक सव्वा मीटरच्या आतबाहेरची. केबल कपापासून सुटी होते, ही मला सर्वांत मोलाची सोय वाटते, कारण माझे आजवरचे बहुतेक हेडफोन वायर तुटूनच निकामी झाले आहेत.

एका रविवारी दुपारी मी चौघांची बैठक घरी घातली. एकच लॅपटॉप, एकच फाइल, आवाजाची पातळी ठरवून दिलेली, आणि प्रत्येकाने एकेकट्याने दोनदा ऐकायचे, असा नियम केला. पातळी ठरवण्याचा आग्रह मी धरला, कारण कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज प्रमाणापेक्षा जास्त कमी ऐकू येतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी ही गोष्ट १९३३ मध्येच मोजून दाखवली होती. एकाने हळू आणि दुसऱ्याने मोठ्याने ऐकले, तर दोघांनी वेगवेगळा तोल ऐकलेला असतो.

पहिले अण्णा बसले. या गाण्याचा पाया म्हणजे ज्याला आजची मुले नुसते 'एट-ओ-एट' म्हणतात तो लांबणारा खर्जाचा ठोका. रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या तालयंत्रावरून त्याला हे नाव पडले. हा ठोका साधारण ४० ते ६० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या; आकडा लहान तितका आवाज खालचा) आसपास घुमतो, आणि मोबाइलचा नखाएवढा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच असतो. म्हणजे अण्णांनी महिनाभर जे ऐकले, त्यात डग्गा काढून टाकलेला होता आणि उरली होती फक्त हाय-हॅट नावाच्या झांजांची टिकटिक. त्यावर ताल नाही असे त्यांनी म्हटले, ते त्यांच्या परीने अगदी खरे होते. हेडफोनवर पहिल्याच अर्ध्या मिनिटात त्यांचा उजवा हात मांडीवर पडू लागला. दुसऱ्या वर्सच्या सुरुवातीला तो खर्ज एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो. तिथे त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "अहो, हा तर घिस्सा देतोय!" डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा काढतात, तोच त्यांना त्या यंत्राच्या ठोक्यात सापडला. ताल नाही हे मत त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतले.

पुतण्याची गोष्ट उलट झाली. त्याच्या इअरबड्समध्ये खर्ज इतका फुगवलेला असतो की वरचे व्यंजनांचे आवाज त्याच्याखाली झाकले जातात. मराठी कळण्यासाठी 'स' आणि 'श', 'च' आणि 'छ', 'ल' आणि 'ळ' यांच्यातला भेद कानावर पडावा लागतो, आणि स-शच्या घर्षणासारखे बारकावे बरेच वर, काही हजार हर्ट्झच्या टापूत असतात. या हेडफोनचाही स्वभाव खर्जाकडे किंचित झुकलेला आहे, हे मी स्पष्ट सांगतो, आणि अगदी काटेकोर तोल हवा असणाऱ्याने ते ध्यानात ठेवावे. तरीही खर्ज शब्दांवर चढत नाही. पुतण्याला पहिल्यांदाच कळले की पहिल्या वर्सच्या मध्यावर मुलगा 'चाळ' आणि 'चाल' या दोन शब्दांवर आठ ओळी खेळवतो : चाळ गेली, चाल उरली, बिल्डरची चाल आणि आजीची चाल. तो बराच वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "काका, मी हे शंभर वेळा वाजवलंय, पण ऐकलं आत्ता."

सर्वांत मोठा उलगडा मात्र त्या मुलीच्या आक्षेपाचा झाला. दुसऱ्या वर्समधल्या रिकाम्या जागा रिकाम्या नाहीतच. तिथे मुख्य आवाज थांबतो आणि मागून दोन-तीन आवाज त्याची ओळ उचलतात, शाहिराच्या मागे झीलकरी ओळ उचलतात अगदी तसे. हेडफोनवर हे आवाज डाव्या-उजव्या टोकाला, कानांच्याही बाहेर उभे असल्यासारखे येतात. ते तसे पसरवण्यासाठी मुलाने एक प्रचलित युक्ती वापरली होती : एकच आवाज दोन्ही बाजूंना पाठवायचा, पण एका बाजूची लहर उलटी करायची. दोन कानांत वेगवेगळे ऐकताना जागा मोठी झाल्याचा भास होतो. पण एकाच डब्याचा स्पीकर दोन्ही बाजू एकत्र करून वाजवतो, आणि सरळ लहर व उलटी लहर एकत्र आल्या की एकमेकींना खोडून टाकतात. तिच्यापुरती झील खरोखरच नाहीशी झालेली होती. शंका नको म्हणून आम्ही लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजू एक करण्याची सेटिंग चालू केली, आणि ती झील सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, खरे तर कानांसमोर, विरून गेली. हा दोष तिच्या कानाचा नाही, ती ज्यावर ऐकत होती त्या स्पीकरचाही नाही, तो मिश्रणाचा, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या कामाचा, आहे. ज्या गाण्याचे निम्मे श्रोते मोबाइलवर आणि छोट्या स्पीकरवर ऐकणार, त्याचे मिश्रण दोन्ही बाजू एकत्र करून तपासलेच पाहिजे.

माझ्या बाबतीत सांगण्यासारखे थोडेच आहे. लोकलचा खडखडाट आणि घरघर यांत खालच्या पट्टीचा आवाज एवढा असतो की गाण्याचा खर्ज त्यात बुडतो, आणि इअरफोनचे रबर कानात नीट बसलेले नसेल तर उरलेलाही निसटतो. मी बोथट म्हणालो ते गाडीला म्हणायला हवे होते. यावर आवाज वाढवणे हा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि पातळी वाढेल तसा तो वेळ झपाट्याने घटतो. बंद कपांमुळे कमी आवाजातही गाणे स्पष्ट लागते, हा या हेडफोनचा प्रवासातला लाभ खरा आहे. पण दरवाज्याजवळ किंवा रूळ ओलांडताना तो कानावर ठेवणे धोक्याचे आहे, ते मी करत नाही आणि कोणी करू नये.

मुंबईच्या हवेविषयी दोन शब्द. बंद कपांचा कोणताही हेडफोन मे महिन्यात अर्ध्या तासाच्या वर कानावर राहू शकत नाही. घाम येतो, आणि कृत्रिम कातड्याच्या गाद्या घामाने लवकर झिजतात. या मॉडेलच्या गाद्या बदलून मिळतात, तरी ऐकून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून ठेवाव्यात. नव्या बऱ्याच फोनना हेडफोनचे भोकच नसते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागेल. नुसती गाणी ऐकण्यासाठी, चालताना-फिरताना वापरायला घेणार असाल, तर वायरचा त्रास सोसवणार नाही. मात्र घरी रॅप रचणाऱ्या, ध्वनिमुद्रण करणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या गाण्यावर मत देणाऱ्या माणसाने हा खर्च करावा, असे मी निश्चितपणे सांगेन. या शहरात रॅप मोठ्या स्टुडिओत जन्मलेला नाही. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये आयपॅडच्या साह्याने सुरुवात केली. अशा घरच्या कामाला खर्ज आणि शब्द यांचा हिशेब दाखवणारे एक तरी विश्वासाचे साधन हवे.

एक आक्षेप मात्र हेडफोनने सुटला नाही. हुक हिंदीत का, या प्रश्नावर ती मुलगी जराही हलली नाही. तिचे म्हणणे असे की चाळीवर लिहायचे, आजीच्या तोंडचे शब्द घ्यायचे आणि जी ओळ सर्वांच्या ओठांवर बसणार ती मात्र हिंदीत ठेवायची, यात मराठीवर अविश्वास आहे. 'स्वदेशी'सारख्या मुंबईच्या गटाने मराठीतून रॅप करून दाखवलेले असताना ही भीती कशाला? पुतण्याचे उत्तर असे की आमच्या मजल्यावर चार भाषा आहेत आणि चावीची वाट चारही घरे पाहत आहेत. मला दोघांचेही पटते, पण मत विचाराल तर मी तिच्या बाजूचा आहे. त्या हुकमधली हिंदी मुलाच्या तोंडात रुळलेली नाही. वर्समध्ये जो श्वास मोकळा आहे, तो हुकमध्ये मोजून घेतल्यासारखा येतो, आणि चांगल्या हेडफोनवर तर ते अधिकच उघडे पडते.

मी त्या मुलाकडे जाऊन जिन्यातले माझे मत परत घेतले आणि झीलेची अडचण सांगितली. त्याने हेडफोन चार दिवसांसाठी मागून नेला. परत आणला तेव्हा सोबत नवे मिश्रण होते : झीलेचे आवाज मधोमध आणलेले, आणि खर्जावर थोडे सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम दिलेली किंचित खरखर, चढवलेले. त्यामुळे खर्जाच्या वरच्या पट्टीतल्या छटा उमटतात, आणि मूळ ठोका वाजू न शकणाऱ्या स्पीकरवरही कान तो ओळखतो. आम्ही ते अण्णांच्या टेबलावरच्या त्याच मोबाइलवर लावले. घिस्सा पूर्ण नाही आला, पण अण्णांची बोटे टेबलावर चालू झाली, आणि दुसऱ्या वर्सला त्यांनी झीलकऱ्यांबरोबर सूर लावला. हुक तेवढा अजून हिंदीतच आहे, आणि ती मुलगी अजून बोलतेच आहे.