टीव्हीवर ‘रक्तातले जंतू’ दाखवले आणि आमचे पाच महिने गेले

माझी आई 67 वर्षांची. आम्ही ठाणे पूर्वेला, कोपरीत राहतो. मी लहान असताना स्टोव्हचा भडका उडून तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. तो व्रण आमच्या इतका सवयीचा की त्याकडे कुणी वेगळं बघतही नव्हतं. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्याच व्रणावर एक लहानशी जखम झाली. भांडी घासताना खरचटलं असेल म्हणून आईने हळद लावली. खपली धरायची, निघायची, पुन्हा ओली व्हायची.

शेजारच्या काकूंनी ऐरोलीतला एक ‘स्किन क्लिनिक’ सुचवला. त्यांच्या नातवाचं गळू तिथे बरं झालं होतं. गळू फुटून पू निघून गेला की बरेचदा आपोआपच भरून येतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

तिथल्या पांढऱ्या कोटातल्या माणसाने आईच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि भिंतीवरच्या टीव्हीवर दाखवला. गोल पेशींच्या मधे काहीतरी वळवळत होतं. “मावशी, बघा. रक्तात जंतू झालेत. वरून मलमं लावून काय होणार? आधी रक्त शुद्ध करायला हवं.” आईचा चेहरा उतरला. मी मुकाट्याने 6,500 रुपये काढून दिले. रोख. पावती मागितली तर “पुढच्या वेळी एकदमच देतो” म्हणाला.

पांढऱ्या डबीत मलम होतं, लेबल नाही. चार दिवसांत लाली उतरली, ठणका कमी झाला. तिथेच आमचा विश्वास बसला. जखम मात्र तेवढीच होती, मग हळूहळू वाढू लागली. दर पंधरा दिवसांनी नवा कोर्स, नवी डबी. एकूण 42,000 रुपये गेले. बायोप्सीचं, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासण्याचं विचारलं तर म्हणाला, “सुई लावली की पसरतं.” या एका वाक्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं.

जखमेला वास यायला लागला तेव्हा मी आईला नौपाड्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी हातमोजा घालून जखमेची कड दाबली. कड वर उचललेली, बाहेर वळलेली आणि सुपारीसारखी टणक होती, जरा धक्का लागताच रक्त आलं. त्या म्हणाल्या, “रक्तात खरंच एवढे जंतू असते तर आई इथे खुर्चीत बसल्या नसत्या, आयसीयूत असत्या.” मलमात बहुधा स्टिरॉइड असावं, त्याने सूज आणि लाली दबते, मूळ रोग जात नाही. जागा बधिर करून त्यांनी कडेचा तुकडा काढला. तपासणीत निघालं स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर. भाजल्याच्या जुन्या व्रणावर कित्येक वर्षांनी असा कॅन्सर उठू शकतो, त्याला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात. बायोप्सीने तो पसरत नाही. उलट तिच्याशिवाय निदान पक्कं होत नाही.

परळला टाटामध्ये ऑपरेशन झालं. मांडीची कातडी काढून हातावर लावली. काखेतल्या गाठी तपासल्या, तिथे काही निघालं नाही. अजून दर काही महिन्यांनी दाखवायला जातो.

बाईंनी मला जो फरक सांगितला तो इथे मुद्दाम लिहिते आहे. जंतुसंसर्ग घाईत येतो: एकदोन दिवसांत जागा लाल, गरम, दुखरी होते, पू धरतो, कधी ताप येतो, आणि योग्य अँटिबायोटिकने काही दिवसांत उतार पडतो. लाली भराभर वर चढत असेल, अंगात ताप असेल, त्यातून डायबेटिस असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. कॅन्सरची जखम संथ असते आणि बरेचदा दुखतही नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. महिनाभरात न भरणारी कुठलीही जखम दाखवाच. तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग दिसला तर तोही. आपल्याकडे मेलानोमा, म्हणजे त्वचेचा दुसरा एक कॅन्सर, बऱ्याचदा तिथेच सापडतो.

आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. मी तो शोधला ते ऑपरेशन झाल्यावर, आणि त्या माणसाचं नाव तिथे नव्हतंच. पावती नसल्याने पैशांचं काही सिद्ध करता येत नाही. पण तीन डब्या मी जपून ठेवल्या होत्या, त्या तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या आहेत. तुमच्या घरी अशी बिनलेबलाची डबी असेल तर लावू नका, पण फेकूही नका.