समुद्राची संस्था आणि खाजनाची संस्था

उपयोजित संशोधनाच्या दोन तऱ्हा गोव्यातच बघायला मिळतात.

दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (१९६६) सीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची. तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ मध्ये हिंदी महासागराच्या तळातून धातुयुक्त गोटे वर काढले. त्याच बळावर १९८७ मध्ये भारताला तिथे असे गोटे शोधण्यासाठी राखीव क्षेत्र मिळालं. बंदरं, तेल कंपन्या यांच्यासाठी पैसे घेऊन सर्वेक्षणंही चालतात. गिऱ्हाईक म्हणजे सरकार आणि उद्योग.

जुन्या गोव्यात एला इथली किनारी कृषी संशोधन संस्था आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची. गिऱ्हाईक शेतकरी. खाजनातलं, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतातलं, खारं पाणी सोसणारे ‘गोवा धान’ हे भाताचे वाण तिचेच, आणि ते शेतापर्यंत न्यायला कृषी विज्ञान केंद्र हाताशी. मला हा दुवा अधिक मोलाचा वाटतो. रांपणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या, दारी जाणारं असं केंद्र दोनापावलकडे कुठे आहे?